नऊच्या गाडीतला डबा

कवळी तिसऱ्यांदाही सैल निघाली. दगडाबाईंनी तोंड उघडलं की वरचे दात टक् करून खाली यायचे.

"डॉक्टरीणबाई, मी गप बसले तरी हे वटवट करायलेत," म्हातारी म्हणाली. मग तिनं कवळी काढून निकिताच्या हातात दिली. "दोन वर्षं झाली, दुधात भाकर कुस्करून एकलीच खायलेय. नातीच्या लग्नात पंगतीला बसायचं हाय मला. अजून एकदा बघा. न्हाई जमलं तर ऱ्हाऊ द्या."

निकिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पालममध्ये दवाखाना टाकून तिला वर्षही झालं नव्हतं, आणि ताईच्या हाताला गुण नाही असं बाजारात बोललं जाऊ लागलं होतं.

काम तसं सरळ होतं. पावडर पाण्यात कालवायची, साच्यात भरून पेशंटच्या तोंडात धरायची. दोन-तीन मिनिटांत रबरासारखं मऊ माप निघायचं. ते ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवायचं, आणि डबा नऊच्या एसटीत खिडकीतून द्यायचा. परभणीच्या स्टँडवर लॅबवाला शिवप्रकाश तो उतरवून घ्यायचा. हा काडीपैलवान कामाला चोख, पण हट्टी. मापात प्लास्टर ओतून हिरडीची प्रतिकृती करायची, तेही दुसऱ्या कुणी ओतलेलं त्याला चालायचं नाही. कवळी बसली नाही की फोनवर एकच ऐकवायचा, "मॅडम, माप आलं तसं मी केलं."

निकिताचा पहिला संशय पावडरीवर गेला. त्या मापातलं पाणी उडालं की ते आकसतं. ओल्या फडक्यात, बंद डब्यात दोन दिवस काही होणार नाही, असं खोक्यावर छापलेलं होतं. पण छापलेलं काय, काहीही असतं. तिनं बरोबर पन्नास मिलिमीटरचा एक पोलादी ठोकळा आणला. त्याचं माप घेतलं, तसंच गुंडाळून डबा दोन दिवस दवाखान्याच्या फळीवर ठेवला, मग प्लास्टर ओतून मोजपट्टीनं मोजलं. पन्नास. पुन्हा केलं. पन्नास. तिसऱ्यांदाही पन्नासच.

पावडर निर्दोष सुटली. शिवप्रकाशनं इतर डॉक्टरांना करून दिलेल्या कवळ्या नीट बसत होत्या, म्हणजे तोही सुटला. आता आरोपी एकच उरला, तिचा स्वतःचा हात. त्या दिवशी दार आतून लावून ती पोटभर रडली. मग परभणीच्या एका मोठ्या दवाखान्यात मदतनीस डॉक्टर हवी होती, तिथं तिनं मुलाखतीला येते म्हणून कळवून टाकलं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी तिनं दगडाबाईंचं चौथं माप घेतलं आणि डबा घेऊन स्वतःच नऊच्या गाडीत चढली. या गाडीनं ती पहिल्यांदाच चालली होती. ड्रायव्हर परमेश्वरनं तिला ओळखलं. "द्या ताई इकडं," म्हणत त्यानं डबा घेतला आणि शेजारच्या बॉनेटवर ठेवला. तिथं आधीच सहा-सात डबे दाटीवाटीनं बसले होते.

"हे कुणाचे?" तिनं विचारलं.

"परभणीला शिकायला ठेवलेल्या लेकरांचे. गावाकडनं जेवण जातंय. इंजनावर ठेवलं की पोचंस्तवर ऊन ऊन ऱ्हातंय."

निकितानं बॉनेटला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. गाडी स्टँडमधून नुकती बाहेर पडत होती, तरी ही गत. परभणीपर्यंत दीड तास. तिनं सगळं मोजलं होतं, इंजिनावरचा हा दीड तास तेवढा मोजला नव्हता.

तिनं झडप घालून डबा उचलला. मांडीवर उघडून बाटलीतलं पाणी फडक्यावर शिंपडलं. कितीतरी दिवसांनी तिला स्वतःचे हात आपले वाटत होते. मुलाखतीची फाइल तिनं पिशवीच्या तळाशी सारली आणि परतीची पहिली गाडी किती वाजता आहे ते कंडक्टरला विचारलं.

परमेश्वर आरशातून हे सगळं बघत होता. तो पार ओशाळला.

"काय चुकलं का ताई आमचं? तुमच्या डब्याला तर मी रोज मधली, सगळ्यात तापलेली जागा देतो. न्यायला येतो तो माणूस लय वाळलाय हो. म्हणलं, त्याच्या पोटात तरी ऊन घास जावा."