मावशींची सही

छापखान्यामागच्या दोरीवर एकवीस फडकी वाळत होती. ती सुरक्षा अधिकाऱ्याने लगेच ओळखली. मशीनचे रोलर पुसून थिनरने भिजलेली फडकी ती. जायला हवीत झाकणाच्या लाल पिंपात, आणि तिथून घातक कचऱ्याच्या गाडीत. इथे मात्र स्वच्छ धुऊन, वर चिमटे लावून!

"धुतली कुठे?" तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं.

"मोरीत," सफाईच्या मावशी हौसेने म्हणाल्या. "एवढं चांगलं सुती कापड, फेकवेना हो. जेवणाची टेबलं यांनीच पुसते मी."

मॅनेजर लालबुंद झाला. थिनर गेलं गटारात, आणि राहिलेलं सगळ्यांच्या ताटाखाली. तो अधिकाऱ्याकडे वळला. "सुरक्षा प्रशिक्षणाची वही आण. यांची सही असेल तर या घरी जातील. नसेल तर तू."

वही आली. मावशींच्या नावापुढे दर महिन्याला सही होती, एक महिना चुकला नव्हता. आता खरं सांगायचं तर त्या सगळ्या सह्या या अधिकारी पठ्ठ्यानेच ठोकल्या होत्या. कंत्राटी सफाईवाल्यांना कोण बोलावत बसतो? वही भरली की झालं! आता मात्र त्याला मान वर करवेना. मावशींनी वही हातात घेतली तेव्हा वाटलं, संपलो. आणि संपलेलंच बरं, असंही वाटून गेलं.

मावशींनी बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

"नाव माझंच आहे. पुढे सहीपण आहे. म्हणजे साहेबांनी सांगितलं असणार. हल्ली माझंच डोकं ठिकाणावर नसतं."

"उद्यापासून येऊ नका," मॅनेजर म्हणाला आणि बाईंना घेऊन आत गेला.

शरमेने अधिकाऱ्याची कानशिलं तापली होती. ओरडून खरं सांगावं असं वाटत होतं, आणि तो नुसता उभा होता.

मावशी जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "साहेब, रागावू नका. जाता जाता परत एकदा समजावून सांगता का? दुसरीकडे काम मिळालं, तर तिथे तरी तुमचं शिकवणं वाया जायला नको."