आजीच्या रकान्यातलं शून्य

यंत्राने आजीच्या रकान्यात शून्य दाखवलं. उज्ज्वलाने ते बंद करून पुन्हा सुरू केलं. शून्य जागचं हललं नाही. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत उषाबाई आपल्या चार वर्षांच्या नातीशी, गायत्रीशी, एकही शब्द बोलल्या नव्हत्या.

काडेपेटीएवढं ते यंत्र काल दिवसभर गायत्रीच्या फ्रॉकच्या खिशात होतं. घरात मुलाशी कोण किती बोलतं, एवढंच ते मोजायचं. भिंतीपलीकडच्या यंत्रमागांचा खडखडाट वगळून माणसाचा आवाज तेवढा वेचण्यात त्याचा हातखंडा होता. उज्ज्वला ते घेऊन पुण्याहून सुरतेला आली होती. कुठली माणसं लहान मुलांना कशी शिकवतात, हे बघायची तिला भारी हौस. नॉर्वेतल्या एका बालवाडीत बाई मुलांना बर्फात नेऊन बसवायच्या आणि मुलांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायच्या नाहीत, हे तिने पाहिलं होतं. पुण्यातल्या आया भेंडी चिरतानाही ‘बघ बघ, हा कोणता रंग?’ करून पोरांचा जीव खातात, तेही पाहिलं होतं. पण शून्य तिला आजवर कुठेच भेटलं नव्हतं.

सुरतेच्या लिंबायत वस्तीतल्या या खोलीत मात्र मामला हौसेचा नव्हता. गायत्री बालवाडीत बोलत नसे. तिथल्या बाई, वर्षाबेन, फळ्यावर चित्र काढता काढता गुजरातीत विचारायच्या, ‘आ शुं छे?’, हे काय आहे? सगळी मुलं ओरडायची, ही ढिम्म. कान तपासून झाले, ते ठणठणीत निघाले. शेवटी वर्षाबेननी तिच्या आईला, कविताला, सांगितलं की घरी हिच्याशी कोणी बोलत नसेल, एकदा हे यंत्र लावून बघा. नवरा मागावर, कविता साड्या घडी करायच्या कामाला. पोरगी दिवसभर सासूजवळ. तेव्हा कविताने ठरवून टाकलं. आकडा कमी आला तर गायत्रीला आपल्या माहेरी, तळोद्याला ठेवायचं. तिथे घरभर बोलकी माणसं.

उषाबाईंनी हरकत घेतली नाही. तीस वर्षं मागांच्या कारखान्यात बॉबिन भरून भरून त्यांचे कान गेले होते. बहिऱ्या म्हातारीजवळ राहून पोर मुकीच होणार, असं त्या स्वतःच म्हणाल्या, आणि ताटातली भाकरी तशीच ठेवून उठल्या.

आज दुपारी आकडा ऐकायला कविता कामावरून लवकर आली होती. कोपऱ्यात पोरीची पिशवी भरून तयार होती. उज्ज्वलाला तिकडे बघवेना. आपल्या एका शून्यावर एक पोर घरातून उठणार, हे तिला मुळीच पटत नव्हतं. शेवटचं म्हणून तिने फॉर्म काढला आणि त्यावर खुणा करत करत गायत्रीला पाच प्रश्न विचारले. नाव काय, दूध आवडतं का, असलेच. एकाचंही उत्तर आलं नाही. पाचव्या प्रश्नापुढे फुली मारून तिने मान वर केली.

समोर उषाबाई आणि गायत्री गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. उषाबाईंचे ओठ भराभर हलत होते. आवाज अजिबात नव्हता. दोन बोटं एकमेकांवर घासली गेली, तळवा उलटा झाला, भुवई वर गेली. गायत्री खुदकन हसली. तिने मूठ हनुवटीखाली नेली, तिचेही ओठ हलले. मग उषाबाईंनी नकाराची मान हलवली, पोरीने पाय आपटला, आजीने हात जोडले. एवढ्यात दोघींचं एक भांडण होऊन मिटलंही होतं.

हे काय चाललंय, असं उज्ज्वलाने कविताला विचारलं.

“ते होय? ते कारखान्यातलं बोलणं,” कविता चहा गाळत म्हणाली. “मागाजवळ कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, मग सगळे असंच हातांनी न् ओठांनी. सासूबाईंना तीच सवय. आता त्याला काय बोलणं म्हणायचं, ताई?”

उज्ज्वलाने फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर एकेका खुणेसाठी एकेक रेघ ओढायला घेतली. पान भरलं. आधी चिमण्या मोजून झाल्या, मग साखर कोणी सांडली त्याचा न्याय झाला. खुणांचा अर्थ सांगायला कविता होतीच. तिला सगळं कळत होतं, फक्त ते बोलणं वाटत नव्हतं. दुसरं पान अर्धं झाल्यावर उज्ज्वलाने मोजायचं सोडून दिलं. पुण्यातल्या भेंडीवाल्या आयासुद्धा एवढं बोलत नसतील. हिला बोलणं शिकायला तळोद्याला धाडायची काही गरज नाही, असं तिने कविताला सांगून टाकलं.

कविताचं समाधान होईना. “मग बालवाडीत का बोलत नाही? तुम्ही आत्ता पाच गोष्टी विचारल्या, एकीला तरी उत्तर दिलं का तिने?”

तेच सासूला विचारायला कविताने हातातली गाळणी खाली ठेवली आणि दोन्ही हात हलवले. आपण काय केलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही. उषाबाईंनी तोच प्रश्न नातीकडे वळवला. गायत्रीने उज्ज्वलाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आजीच्या तोंडासमोर बराच वेळ बोटं आणि ओठ हलवत राहिली.

उषाबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पाहुण्या बाईला हे कसं सांगायचं, म्हणून त्या आधी तयारच होईनात. उज्ज्वलाने फारच आग्रह केला, तेव्हा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, आपल्या अहिराणीत त्या म्हणाल्या,

“ती म्हनस, ही बाई बोलतांना तोंडकडे देखतच नही. हिले घरमा कोनी बोलानं शिकाडं नही का?”