तीन ट्यूब

लेकीचा चेहरा बघून डॉक्टरीणबाईंनी टेबलावर तीन ट्यूब ठेवल्या. एक मुरमांसाठी, एक डागांसाठी, एक उन्हासाठी. कोणती आधी घ्यावी, म्हणून मी चष्मा लावून प्रत्येकीवरचं बारीक अक्षर वाचू लागलो.

"बाबा, वांगी निवडताय का?" लेक म्हणाली.

बाईंनी तिला विचारलं, "पाळी वेळेवर येते?"

अशा प्रश्नांच्या वेळी तिची आई शेजारी असायची. लेक खाली बघत म्हणाली, "आई गेल्यापासून आलीच नाही."

म्हणजे चार महिने. या चार महिन्यांत मी तिला रोज फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारलं होतं.

बाईंनी ट्यूब बाजूला सारल्या. "आधी तपासण्या करू. तुम्ही जरा बाहेर बसता?"

मी उठलो. लेकीने माझी बाही धरली.

"बसू द्या त्यांना. आता सगळं त्यांनाच सांगायचंय."