मंगळोबाचा बर्फ

कँटीनचा फ्रिज नेमका आजच बंद पडला होता, आणि कँटीन चालवणारी आत्या सकाळपासून त्याच्या नावानं बोटं मोडत होती. तिच्या भाच्याला, म्हणजे ऑफिसच्या मंगळोबाला, फ्रिजचं काही पडलं नव्हतं. दुपारी समिती यायची होती. त्याचं यंत्र पसंत पडलं तर ते मंगळावर जाऊन जमिनीखाली दडलेला बर्फ शोधणार. नाही पडलं तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

सकाळीच त्यानं अंगणातल्या लाल वाळूच्या खड्ड्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फाची लादी पुरली होती. चहा पिताना त्यानं आत्याला कौतुकानं जागाही दाखवली.

"वरून फिरवलं की यंत्र सांगणार, खाली बर्फ आहे."

"त्यापेक्षा खणून बघ की," आत्या म्हणाली.

"मंगळावर कोण खणणार, आत्या?"

समिती यायच्या जरा आधी त्यानं रंगीत तालीम केली. पडदा कोरा. पुन्हा फिरवलं. कोराच. मंगळोबाचं धाबं दणाणलं.

"अरे दगडा, मी माझ्या हातानं पुरलाय तो," तो यंत्राला म्हणाला. यंत्र ढिम्म.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. मंगळोबानं इकडेतिकडे बघितलं आणि मागच्या चाचणीचं चित्र गुपचूप पडद्यावर चढवलं. बर्फ तर खाली आहेच, मग यात खोटं ते काय?

समिती उन्हानं वैतागून आली होती. आत्याच्या थंडगार सरबतानं सगळ्यांचा पारा उतरला. अध्यक्षबाईंनी तर दुसरा ग्लास मागून घेतला. मग यंत्र खड्ड्यावरून फिरलं, पडद्यावर ठसठशीत निळा पट्टा उमटला, आणि माना डोलू लागल्या.

"अगदी स्पष्ट," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आता फक्त उकरून दाखवा, की सही करते."

मंगळोबाचा जीव भांड्यात पडला. त्यानं हसत हसत फावडं उचललं. उकरलं. आणखी उकरलं. फावडं तळाच्या फरशीवर खणखणलं, तरी हाती वाळूच. समिती एकदा पडद्याकडे बघत होती, एकदा खड्ड्याकडे.

आत्या रिकामे ग्लास गोळा करत होती. तिला भाच्याची दया आली.

"अरे वेड्या, तिथं काय शोधतोस? तुझ्या पाहुण्यांना कोमट सरबत द्यायचं होय? तुझ्या तालमीच्या आधीच नेली मी ती लादी. वाळूसुद्धा होती तशी सारखी केली."