पितळी दुर्बीण

आजोबांची पितळी दुर्बीण डोळ्याला लावून लॉक्लन ओल्या गवतात पालथा पडला होता. पाडसाला पोरकं करून हरिणी मारायची नाही, हा स्कॉटलंडच्या त्या डोंगरांतला जुना रिवाज. जन्मभर आपण तो पाळला, एवढाच त्या थकल्या शिकाऱ्याचा अभिमान होता.

"एकटीच आहे," तो पुटपुटला. "दे बंदूक."

"थांबा काका, यातून बघू." पुतणी मोरागने अंगाची ऊब टिपणारी नवी थर्मल दुर्बीण काढली.

"बघ बाई, बघ! तुझ्या त्या डबड्याला उकडलेला बटाटासुद्धा हरीण वाटायचा."

"आणि तुमच्या पितळेला परवा धोंडा हरीण वाटला होता, त्याचं काय?"

बोलता बोलता मोरागने नवी दुर्बीण डोळ्याला लावली. तिने यंत्र काकाच्या हाती दिलं. काळ्या पडद्यावर हरिणी पांढरीशुभ्र चमकत होती. आणि तिच्या मागे, जिथे पितळी दुर्बिणीला नुसतं वाळकं गवत दिसलं होतं, तिथे एक छोटं पांढरं पाडस पाय पोटाशी घेऊन निजलं होतं.

"वाचलं बिचारं!" मोराग म्हणाली. "आता तरी पटलं ना काका?"

लॉक्लनने बराच वेळ यंत्रावरून डोळा काढला नाही.

"पटलं गं," शेवटी तो म्हणाला. "पण आजवर मी मारलेल्या सगळ्या हरिणी एकट्याच होत्या, हे आता मला कोण सांगणार?"