कड्यावरची माकुडी

सारंगने पोतं काकूंच्या अंगणातल्या, रोपं वाढवायच्या दगडी डोणीवर उपडं केलं आणि माकुडीची जाड, रसाळ खोडं भराभरा घरंगळली. मुळांना कड्याची माती तशीच होती.

"काकू, कड्यावर एक रोप ठेवलं नाही बघा! आता झाडांच्या प्रदर्शनात ही दुर्मीळ माकुडी फक्त आपल्या दोघांची."

कुमुदकाकूंच्या बोटांतली जपमाळ थांबली. दर श्रावणी सोमवारी उपाशीपोटी कडा चढायचा आणि डोणीत वाढवलेलं एक रोप महादेवाच्या नावाने तिथल्या कपारीत लावायचं, हे त्यांचं व्रत. यंदा, झाडांचा हौशी मुलगा म्हणून, त्यांनीच सारंगला ती जागा दाखवली होती. समोरच्या ढिगात कितीतरी मुळांभोवती त्यांनी स्वतः गुंडाळलेला काथ्या होता.

माकुडीच्या फुलाला कुजका वास येतो, माश्या घोंगावतात. त्याची त्यांना कधी किळस आली नव्हती. ती आज पहिल्यांदा आली.

"देवाला वाहिलेलं उपटून आणलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"अहो, देव काय करणार झाडं घेऊन? तिथं बघायला तरी कोण जातंय!" सारंग हसला, पँटला हात पुसले आणि नेहमीसारखा नमस्काराला वाकला.

आल्यागेल्याला तोंडभर आशीर्वाद देणाऱ्या काकूंनी पाय झटकन मागे ओढले.

"माझ्यापुढे नको. कड्यावर वाक," त्या म्हणाल्या, "एकेक रोप परत लावताना."