ला गोलोंद्रिनाची पाळी

गाणं औषधवाल्याच्या दारापर्यंत आलं आणि निकानोरने पुन्हा हात पुसले. हात कोरडेच होते.

“फळांचा पोंचे उकळून उकळून आटला बघ,” तेओ चुलीजवळून म्हणाला. “आता पाहुण्यांना पेल्यात नको, ताटलीत वाढू. चाटतील बिचारे.”

“आले तर चाटतील ना.”

तेओ निकानोरचा जोडीदार आणि त्याच्या बारचा आचारी. कुठल्याही प्रसंगात त्याला काहीतरी थट्टा सुचायची. आज ती तोंडापुरतीच होती.

नाताळच्या आधी या गल्लीत रोज संध्याकाळी पोसादा निघते. मरिया आणि योसेफ यांच्या मातीच्या मूर्ती खांद्यावर घ्यायच्या, हातात मेणबत्त्या धरायच्या आणि दारोदार गात आसरा मागायचा. आतल्यांनी गाण्यातूनच हुसकावायचं, पुढं व्हा म्हणायचं. ज्या घराची त्या दिवशी पाळी असेल, त्या घरानेही आधी हुसकावायचं आणि शेवटी दार उघडून सगळ्यांना जेवू घालायचं.

आज पाळी होती निकानोरच्या घराची. घर त्याच्या आईचं. ती गेल्यावर खालच्या मजल्यावर त्याने बार काढला, ला गोलोंद्रिना. तिथे पुरुष पुरुषाचा हात धरून नाचत, बायका बायकांचा. गावात असलं काही पहिलंच. चर्चच्या अंगणात पाळीसाठी टोपीतून चिठ्ठ्या काढल्या, त्यात त्याच्या घराची निघाली. काही जणांनी पाद्रेंकडे पाहिलं. “पाळी घराची असते, माणसाची नाही,” पाद्रे म्हणाले आणि टोपीतली पुढची चिठ्ठी उचलली. ओबदुलियाबाई मात्र शाल सावरत उठून निघून गेली.

ओबदुलिया म्हणजे पोसादाचा गळा. तिने पहिला सूर लावला की देवावर रुसलेला माणूसही डोक्यावरची टोपी काढायचा. आणि ती निकानोरची धर्ममाय. बाप्तिस्म्याच्या वेळी तिच्याच हातांवर त्याच्या कपाळावरचं पाणी ओघळलं होतं. बार उघडला तेव्हा विरोधाच्या सह्या गोळा करत फिरली तीही तीच. “माझ्या हातावरचं पोर,” ती बाजारात सांगायची, “आणि आईच्या घराची ही दशा केली.”

तेव्हा भिंतीवर अंडी फुटली होती. मग हळूहळू अंडी थांबली. औषधवाला मान खाली घालून का होईना, रामराम करावा तसं पुटपुटू लागला. मक्याच्या तोर्तिया विकणारी बाई निकानोरला मुद्दाम ताटकळत ठेवायची, ती परवा तेओला हिरव्या चटणीची कृती विचारत होती. पण चटणी विचारणं वेगळं आणि देवाच्या आईला खांद्यावर घेऊन या उंबऱ्याशी येणं वेगळं. ओबदुलिया तर अजूनही निकानोरला पाहिलं की पलीकडच्या बाजूने जायची.

गाणं थांबलं.

निकानोर फटीतून पाहू लागला. मेणबत्त्या कोपऱ्यावर घोटाळत होत्या. डावीकडे वळलं की चौक. चौकात गेले की संपलं. पानात उकडलेले तामाले उद्या कुत्र्यांना घालायचे, आणि परवापासून या गल्लीत मान वर करून चालायचं नाही. कोपऱ्यावर कुणीतरी कुणाशी तरी वाद घालत होतं. एक लहान मूल रडत होतं.

“दिसतंय का काही?” तेओने विचारलं.

“गप.”

मग पावलं वाजली. एवढी पावलं दाराशी येताना त्याने कधीच ऐकली नव्हती. काचेवर पिवळा उजेड चढला, आणि अगदी दाराला ओठ लावल्यासारखा ओबदुलियाचा आवाज उठला. तिने आसरा मागायला सुरुवात केली. पहिली ओळ पुरी व्हायच्या आतच निकानोरने कडी काढली आणि दार सताड उघडलं.

गाणं मध्येच तुटलं. समोर अख्खी गल्ली. सगळ्यांचे चेहरे खालून उजळलेले, एकही हसरा नाही. सर्वांत पुढे ओबदुलिया.

“हे काय?” ती म्हणाली. “दार लाव.”

“धर्ममाय, आत सगळं तयार—”

“लाव म्हणते ना!”

त्याने लावलं. पाठ दाराला टेकली.

“ऐकलंस?” तो तेओला म्हणाला. “दार लाव, हे गावासमोर तोंडावर सांगायला आली होती.”

तेओ काही म्हणणार तोच बाहेर गाणं सुरू झालं. तीच पहिली ओळ, पुन्हा मुळापासून. या वेळी सगळ्यांच्या तोंडून. थंडी आहे, बाईमाणूस थकलंय, रात्रीपुरती जागा द्या. कडवं संपलं आणि सगळे थांबले. वाट पाहू लागले.

तेओने कपाळावर हात मारला. “अरे खुळ्या! लगेच उघडतात का कधी? आधी हुसकाव त्यांना! तुझी ओळ आहे!”

ओळ निकानोरला लहानपणापासून पाठ होती. त्याने तोंड उघडलं. पुढं व्हा, इथे जागा नाही, हे त्या चेहऱ्यांना कसं म्हणायचं? तो नुसता उभा राहिला. बाहेर कुणी खोकलं, कुणी पाय बदलला. पण हललं कुणीच नाही.

दारावर मूठ आपटली. ओबदुलिया बोलली तेव्हा त्या आवाजात सूर नावालाही उरला नव्हता.

“नाही म्हण ना रे, पोरा. वर्षभर आम्ही तुला म्हणत आलो, तस्सं म्हण.”